काळ्या रश्शाची पंगत

विशीत पोचलेल्या स्पार्टन तरुणाचं भवितव्य भाकरीच्या तुकड्यांवर ठरत असे. रोज संध्याकाळी एकत्र जेवणाऱ्या पंधराएक पुरुषांच्या एखाद्या पंगतीत त्याला जागा मिळवावी लागे आणि त्यासाठी त्या पंगतीतला प्रत्येक जण मत देई. सेवक डोक्यावर भांडं घेऊन सगळ्यांसमोरून फिरे. प्रत्येक जण भाकरीच्या मऊ भागाचा गोळा मुकाट्यानं त्यात टाकी. गोळा तसाच असला तर होकार, मुठीत दाबून चपटा केलेला असला तर नकार. एक जरी चपटा गोळा निघाला तरी तरुणाला दुसरी पंगत शोधावी लागे. कुठेच जागा मिळाली नाही तर तो पूर्ण नागरिक ठरत नसे. सात वर्षांचा असल्यापासून सोसलेले फटके, उपासमार आणि कवायती सगळं वाया जाई.

या सामायिक जेवणाची व्यवस्था लायकरगस नावाच्या कायदेकर्त्यानं घालून दिली, अशी स्पार्टनांची श्रद्धा होती. लायकरगस नेमका कधी होऊन गेला यावर प्राचीन लेखकांचंही एकमत नव्हतं. व्यवस्था मात्र खरी होती आणि ती कशी चालत असे याचे बारीक तपशील झेनोफन, ॲरिस्टॉटल आणि प्लूटार्क यांच्या लेखनात मिळतात. दर महिन्याला प्रत्येकानं ठरलेला शिधा द्यायचा. एक मेदिम्नोस, म्हणजे पन्नास लिटरहून मोठ्या मापाचं जवाचं पीठ. आठ मापं द्राक्षमद्य. सुमारे तीन किलो चीज. त्याच्या निम्मे अंजीर. आणि तोंडीलावण्यासाठी थोडे पैसे. शिकार मिळाली किंवा घरी देवाला पशू अर्पण केला की त्यातला वाटा पंगतीत पाठवायचा. सुखवस्तू घरातला माणूस अधूनमधून गव्हाची भाकरीही आणी. एरवी जव ठरलेला.

आणि काळा रस्सा. डुकराचं मांस, त्याचंच रक्त, व्हिनेगर आणि मीठ यांचा हा रस्सा साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेला होता, पण चवीसाठी नव्हे. पंगतीतली म्हातारी माणसं मांसाचे तुकडे तरुणांकडे सरकवत आणि स्वतः रस्सा ओरपत. प्लूटार्क एक आख्यायिका सांगतो. पाँटसच्या राजानं हा रस्सा चाखण्यासाठी मुद्दाम स्पार्टन आचारी आणला आणि पहिल्याच घोटाला तोंड वाकडं केलं. आचाऱ्यानं त्याला शांतपणे सुनावलं की या रश्शाची गोडी कळायला आधी युरोटास नदीत आंघोळ करावी लागते.

जेवायला बसताना सर्वांत वयस्क सदस्य दाराकडे बोट दाखवून आत येणाऱ्याला बजावी, की इथलं बोलणं या दारातून बाहेर जात नाही. मद्य असे, पण झिंगायला मनाई होती, कारण परतताना मशाल घ्यायची नसे. अंधारात न अडखळता घरी पोचणं हादेखील सरावाचा भाग. सवलत राजालाही नव्हती. अथेन्सवर विजय मिळवून परतलेल्या आगिस राजाला एकदा बायकोसोबत घरी जेवावंसं वाटलं. त्यानं पंगतीतला आपला वाटा घरी मागवला. सेनापतींनी तो दिला नाही. राजानं रागानं दुसऱ्या दिवशीचा ठरलेला बळी दिला नाही, तेव्हा त्याला दंड ठोठावण्यात आला.

तो जव पिकवत कोण होतं, हे पाहिल्याखेरीज या पंगतीचा अर्थ लागत नाही.

दक्षिण ग्रीसच्या लॅकोनिया प्रांतात, पश्चिमेला टायगेटस आणि पूर्वेला पार्नोन या डोंगररांगांच्या मधोमध युरोटासचं खोरं पसरलं आहे. तिथल्या चार खेड्यांचं मिळून स्पार्टा बनलं होतं. दक्षिणेकडचं अमिक्ली पुढे त्यांना येऊन मिळालं. खोऱ्यातली जमीन सुपीक होती, तरी स्पार्टनांना ती पुरली नाही. इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी टायगेटस ओलांडून मेसिनिया जिंकला आणि सातव्या शतकात तिथला मोठा उठाव मोडून काढला. जिंकलेली माणसं हेलट झाली. हेलट जमिनीला बांधलेले होते आणि त्यांच्यावर एकट्या मालकाची नव्हे, तर राज्याची सत्ता होती. मालक त्यांना परदेशी विकू शकत नसे, मुक्तही करू शकत नसे. त्यांना बायकामुलं असत, घर असे, थोडीफार शिल्लकही राही. धान्याचा ठरलेला वाटा मात्र स्पार्टातल्या मालकाकडे पोचवावा लागे. मालक शेती करत नसे. व्यापार आणि कारागिरीही त्याला वर्ज्य होती. ती कामं आसपासच्या गावांतले पेरिओइकोइ करत. हे लोक स्वतंत्र होते, स्पार्टाच्या सैन्यात लढत. पण स्पार्टाच्या सभेत त्यांना मत नव्हतं.

प्रमाण कसं होतं, त्याचा एक आकडा हिरोडोटसनं दिला आहे. इ.स.पू. ४७९ मध्ये पर्शियनांविरुद्ध प्लॅटियाच्या रणांगणावर ५,००० स्पार्टन नागरिक उतरले, तेव्हा त्यांच्यासोबत ३५,००० हेलट होते. एका योद्ध्यामागे सात.

इतक्या माणसांना कह्यात ठेवायचं तर भीती हवी, आणि ती दोन्ही बाजूंना होती. दरवर्षी निवडून येणारे पाच एफर, म्हणजे राज्याचे सर्वोच्च अधिकारी, सूत्रं हाती घेताच हेलटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारत. त्यामुळे वर्षभरात कोणी हेलटाला ठार केलं तरी मारणाऱ्याला हत्येचं पातक लागत नसे. निवडक तरुणांना खंजीर आणि जेमतेम शिधा देऊन रानात पाठवलं जाई. दिवसा ते दडून बसत आणि रात्री वाटेवर सापडलेल्या हेलटांना मारत. शेतात राबणाऱ्यांमधले धट्टेकट्टे तर हेरून टिपले जात. या प्रथेला क्रिप्टिया म्हणत. थ्युसिडिडीसनं याहून भीषण प्रसंग नोंदवला आहे. युद्धात आपण सर्वाधिक कामगिरी केली असं ज्या हेलटांना वाटतं त्यांनी पुढे यावं, त्यांना स्वातंत्र्य मिळेल, अशी दवंडी पिटली गेली. सुमारे २,००० जण निवडले गेले. डोक्यावर फुलांचे मुकुट घालून त्यांनी देवळांना प्रदक्षिणा घातल्या. थोड्याच दिवसांत ते सगळे नाहीसे झाले. कोणाला कसं मारलं, ते कधीच बाहेर आलं नाही.

मालकही निर्धास्त झोपत नव्हते. अथेन्सचा क्रिटियस स्पार्टाचा चाहता होता, तरी त्यानं लिहून ठेवलं आहे की स्पार्टन माणूस घरी आला की ढालीची मूठ काढून ठेवतो, म्हणजे ती हेलटाच्या हाती पडली तरी उपयोगाची राहू नये. छावणीत शस्त्रांपासून सेवकांना दूर ठेवलं जाई आणि स्पार्टन भाला घेतल्याशिवाय हिंडत नसत, असं झेनोफन सांगतो. स्पार्टातली मुलं ज्या शाळेत तावूनसुलाखून निघत, ती शाळा या भीतीच्या सावलीत भरत होती.

सात वर्षांचा झाला की मुलगा आईपासून दुरावे. त्याची रवानगी बरोबरीच्या मुलांच्या टोळीत होई आणि टोळ्यांवर राज्यानं नेमलेला देखरेख्या असे. त्याच्या दिमतीला चाबूक बाळगणारे तरुण. पायात वहाण नाही, बारा महिने अंगावर एकच वस्त्र. झोपायला युरोटासच्या काठचे बोरू सुरीशिवाय, हातानं मोडून आणायचे आणि त्यांचीच शेज करायची. हिवाळ्यात ऊब यावी म्हणून त्यात काटेरी झुडपांची म्हाताऱ्यांसारखी उडणारी लव मिसळायची. लिहिणंवाचणं कामापुरतं शिकवत. बोलणं थोडकं आणि नेमकं हवं. पोटभर जेवण मुद्दामच देत नसत. भूक लागली तर मळ्यातून, पंगतीच्या कोठारातून चोरा. चोरी करताना सापडलेल्याला फटके बसत आणि ते सापडल्याबद्दल असत. एका पोरानं चोरलेलं कोल्ह्याचं पिल्लू वस्त्राखाली लपवलं, पिल्लानं पोट फाडलं तरी पोरगा हूं की चूं न करता मेला, ही प्लूटार्कची प्रसिद्ध गोष्ट. ती घडली असो वा नसो, स्पार्टनांना ती सांगावीशी वाटे, यातच त्यांच्या शिक्षणाचं ध्येय कळतं. रात्री लपूनछपून वावरणं, उपाशी राहणं, वाट्टेल ते मुक्यानं सोसणं हे गुण सैनिकाला लागतात, आणि शत्रू आपल्याच शेतात राहत असेल तेव्हा ते रोजच लागतात.

दुबळ्या अर्भकांना डोंगराच्या कपारीत टाकून देत, हेही प्लूटार्क सांगतो. पण तो या काळानंतर पाच शतकांनी लिहीत होता आणि त्याच्या आधीच्या लेखकांकडे ही माहिती दिसत नाही. जन्मापासून लंगडा असलेला अजेसिलॉस तर याच स्पार्टाचा राजा झाला आणि त्यानं सुमारे चाळीस वर्षं राज्य केलं.

सगळा वेळ कवायतीत जाई असंही नाही. इ.स.पू. सातव्या शतकात स्पार्टा गाण्यानाचण्याचं माहेरघर होतं. आल्कमान या कवीनं इथल्या मुलींच्या समूहनृत्यासाठी रचलेली गीतं इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसवर काही अंशी शिल्लक आहेत. भर उन्हाळ्यात येणाऱ्या जिम्नोपेडिया उत्सवात म्हातारे, प्रौढ आणि मुलं असे वेगवेगळे वृंद नाचत. लढाईला जातानाही बासरीवाले सोबत असत आणि त्यांच्या ठेक्यावर सैन्य संथ, सारखी पावलं टाकत पुढे सरके. समोरच्यांना धावून येण्यापेक्षा हे संथ येणंच जास्त भिववणारं वाटे. लढाईआधी केस विंचरायचे, हाही शिरस्ता. इ.स.पू. ४८० मध्ये थर्मोपिलीच्या खिंडीत पर्शियन हेरानं स्पार्टनांना व्यायाम करताना आणि लांब केस विंचरताना पाहिलं. ती बातमी ऐकून झर्क्सिस बादशहाला हसू आलं होतं.

अथेन्सच्या पुरुषांना स्पार्टाच्या बायका चक्रावून टाकत. मुली उघड्यावर धावत, कुस्ती खेळत, थाळीफेक करत. त्यांची लग्नं इतर ग्रीक मुलींपेक्षा उशिरा होत, कारण सुदृढ आई झाल्याशिवाय सुदृढ सैनिक होत नाही अशी समजूत होती. लग्नाचा विधी चमत्कारिक होता. नवरीचे केस भादरून, तिला पुरुषी वस्त्रं घालून अंधाऱ्या खोलीत ठेवत. नवरा पंगतीत जेवून गुपचूप तिथे येई आणि पहाटेपूर्वी पुन्हा सोबत्यांच्या बराकीत झोपायला जाई. तिशीपर्यंत हे असंच चाले. कित्येकांना मूल झाल्यावरही बायकोचा चेहरा दिवसाउजेडी नीट पाहायला मिळाला नव्हता, असं प्लूटार्क म्हणतो. लग्न टाळणाऱ्याची गत वाईट. डर्किलिडास हा नावाजलेला सेनापती आला तेव्हा एक तरुण जागेवरून उठला नाही. उद्या आपल्यासाठी उठेल असा मुलगा त्यानं जन्माला घातला नाही, एवढं कारण तरुणाला पुरलं आणि लोकांनाही ते पटलं.

नवरे पंगतीत आणि छावणीत असल्यामुळे घरदार, हेलट आणि जमीन बायका सांभाळत. त्या जमिनीच्या मालकही असत. पुढे लिओनिडास राजाची पत्नी झालेली गॉर्गो आठ-नऊ वर्षांची असताना लाच देऊ पाहणाऱ्या पाहुण्यापासून तिनं आपल्या वडिलांना, क्लिओमेनिस राजाला, सावध केलं होतं. अजेसिलॉसची बहीण किनिस्का हिच्या घोड्यांनी इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये ऑलिम्पियाची चार घोड्यांच्या रथांची शर्यत जिंकली. विजेता म्हणून नाव लागणारी ती पहिली स्त्री. अशा रथासाठी लागणारा पैसा स्पार्टात होता, हे लक्षात ठेवायला हवं. ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत देशातली दोन पंचमांश जमीन स्त्रियांकडे गेली होती, आणि ती मोजक्या श्रीमंत घराण्यांमध्ये गोळा होत होती.

रणांगणातून पळालेल्याला जगणं नको होई. थर्मोपिलीला लिओनिडाससोबत गेलेल्या ३०० पैकी दोघांचे डोळे आले होते. त्यातल्या युरिटसनं हेलटाला हात धरून लढाईत न्यायला सांगितलं आणि तो मारला गेला. अरिस्टोडेमस परत आला. स्पार्टात त्याला चूल पेटवायला कोणी विस्तव दिला नाही, कोणी त्याच्याशी बोललं नाही. 'भ्याड' हेच त्याचं नाव पडलं. पुढच्या वर्षी प्लॅटियाला तो रांग मोडून शत्रूवर तुटून पडला आणि मेला. हिरोडोटसच्या मते त्या दिवशी त्याच्याइतका पराक्रम कोणी गाजवला नव्हता. तरी स्पार्टनांनी त्याला सन्मान नाकारला, कारण तो मरण्यासाठी लढला होता आणि त्यांना रांगेत राहून लढणारा हवा होता. मरणही नेमस्त असे. प्रेत लाल वस्त्रात गुंडाळून, ऑलिव्हची पानं घालून पुरत. सोबत काही ठेवत नसत. पुरुषांमध्ये युद्धात पडलेल्याचंच नाव दगडावर कोरलं जाई. सुतक अकरा दिवसांचं.

ही सगळी शिस्त उभी होती त्या महिन्याच्या शिध्यावर, आणि तिला कीड लागली तीही तिथेच. ज्याला शिधा देणं जमत नाही त्यानं पंगत सोडायची, आणि पंगत सुटली की नागरिकत्व गेलं. क्रीट बेटावरही अशा पंगती होत्या, पण तिथला खर्च राज्य उचले. ॲरिस्टॉटलनं दोन्हींची तुलना करून स्पार्टाची रीत सदोष ठरवली, कारण तिच्यात गरिबाला जागाच उरत नव्हती. इ.स.पू. ४६४ च्या भूकंपानं शहर जमीनदोस्त झालं. त्याच संधीला मेसिनियाचे हेलट उठले आणि इथोमी डोंगरावर वर्षानुवर्षं लढत राहिले. अथेन्सविरुद्धचं दीर्घ युद्ध इ.स.पू. ४०४ मध्ये जिंकलं, पण त्यानं माणसं खाल्ली आणि विजयासोबत चांदी आली. आजवर स्पार्टात व्यवहारात लोखंडाचे जड तुकडे चालत. आता सिराक्युज वाचवणारा गिलिपस हा मोठा सेनानीच सरकारी थैल्यांतली नाणी चोरून घराच्या कौलांखाली लपवताना सापडला. अथेन्सच्या नाण्यांवर घुबडाचं चित्र असे. गिलिपसच्याच नोकरानं एफरांना सूचक शब्दांत सांगितलं की मालकाच्या कौलांखाली पुष्कळ घुबडं बसली आहेत.

इ.स.पू. ३९८ च्या सुमारास किनाडोन नावाच्या तरुणाचा कट उघडकीला आला. तो धडधाकट होता, धाडसी होता, राज्यानं त्याला कामगिऱ्याही दिल्या होत्या. पण पूर्ण नागरिकांत त्याची गणना नव्हती. त्यानं एका माणसाला बाजाराच्या कडेला नेलं आणि तिथले स्पार्टन नागरिक मोजायला सांगितले. राजा, एफर, वडीलधारे आणि आणखी काही मिळून चाळीसएक भरले. हे शत्रू, आणि बाजारातले बाकीचे चार हजारांहून जास्त लोक आपले सोबती, असं किनाडोन म्हणाला. हेलट, पेरिओइकोइ आणि नागरिकत्व गमावलेले, या सगळ्यांच्या मनात या मूठभरांना कच्चं खावं असं आहे, हे त्याचं म्हणणं झेनोफननं नोंदवून ठेवलं, आणि झेनोफन तर स्पार्टाचा मित्र. कट फुटला. बेड्या घालून, फटके मारत किनाडोनला शहरभर फिरवलं. असं का केलंस, या प्रश्नावर आपण स्पार्टात कोणाहून कमी असू नये म्हणून, एवढंच त्याचं उत्तर होतं. एफरांनी कट मोडला, पण शिध्याचा नियम तसाच ठेवला.

इ.स.पू. ३७१ च्या उन्हाळ्यात थीब्जच्या एपामिनोन्डासनं ल्युक्ट्रा इथे स्पार्टाचा पराभव केला. तिथे उतरलेल्या ७०० स्पार्टन नागरिकांपैकी सुमारे ४०० पडले, क्लिओम्ब्रोटस राजाही गेला. बातमी आली ती जिम्नोपेडियाच्या शेवटच्या दिवशी, पुरुषांचा वृंद रंगणात असताना. एफरांनी कार्यक्रम थांबवू दिला नाही. मृतांची नावं घरोघर कळवली आणि बायकांना आक्रोश न करण्याचा हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी ज्यांची माणसं मेली ते हसतमुखानं हिंडताना दिसत होते आणि ज्यांची जिवंत होती ते मान खाली घालून होते. चारशे माणसं गेल्यावर राज्य मोडकळीला यावं, इतके नागरिक आधीच कमी झालेले होते. देश हजारो सैनिक पोसू शकला असता, पण नागरिकांची संख्या हजारावरही राहिली नव्हती, असं ॲरिस्टॉटल लिहितो. एका फटक्यातून उठता न येण्याचं कारण त्यानं माणसांचा तुटवडा हेच दिलं आहे.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात एपामिनोन्डास लॅकोनियात घुसला. शत्रूनं पेटवलेल्या घरादारांचा धूर स्पार्टाच्या बायकांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. इ.स.पू. ३६९ मध्ये मेसिनिया स्वतंत्र झाला. इथोमीच्या पायथ्याशी, जिथे एकेकाळी बंडखोर हेलट लढले होते तिथेच, मेसिनी हे नवं शहर वसलं. स्पार्टाच्या पंगतींत पोचणारा डोंगरापलीकडचा जव कायमचा थांबला.

शतकभरानं आगिस चौथा गादीवर आला तेव्हा जुन्या कुळांतले जेमतेम ७०० स्पार्टन उरले होते आणि त्यांतल्या शंभरेकांकडेच जमीन होती. कर्जं रद्द करून जमीन पुन्हा वाटावी, बुडालेल्या पंगती पुन्हा भरवाव्या, असा त्याचा बेत होता. इ.स.पू. २४१ मध्ये त्याच्याच लोकांनी त्याला गळफास देऊन मारलं. क्लिओमेनिस तिसऱ्यानं बळाच्या जोरावर ते करून दाखवलं. युद्धाचा खर्च भागेना तेव्हा त्यानं पाच मिना भरणाऱ्या हेलटाला स्वातंत्र्य देऊ केलं आणि ५०० टॅलेंट गोळा केले. हिशेबानं सुमारे ६,००० हेलट सुटले. उरलेल्या धान्यातून पिढ्यान्‌पिढ्या साठवलेला त्यांचा पैसा राजाच्या कामी आला. तरी इ.स.पू. २२२ मध्ये सेलेसियाच्या लढाईत क्लिओमेनिस हरला.

रोमन काळात स्पार्टा जुन्या कीर्तीवर जगू लागलं. आर्टेमिस ऑर्थिया देवीच्या वेदीवरून मुलांनी चीज पळवायचं आणि राखण करणाऱ्यांचे फटके चुकवायचे, असा पूर्वीचा खेळ होता. आता मुलांनी नुसते उभे राहून फटके खायचे आणि लोकांनी ते पाहायचे. गर्दी इतकी होई की इ.स. तिसऱ्या शतकात वेदीसमोर दगडी प्रेक्षागृह बांधावं लागलं.

स्पार्टा ओस पडलं आणि नुसते पाये उरले, तर पुढच्या पिढ्यांना त्याच्या सामर्थ्यावर विश्वास बसणार नाही, असं थ्युसिडिडीसनं लिहिलं होतं. स्पार्टनांनी भव्य देवळं बांधली नाहीत आणि वैभवाच्या काळात शहराला तटही घातला नाही. १८३४ मध्ये ग्रीसच्या ओटो राजाच्या हुकमानं वसलेल्या आजच्या स्पार्टी गावाशेजारी प्राचीन शहराचे जे अवशेष दिसतात, त्यांतले ठळक अवशेष रोमन आणि त्यानंतरच्या काळातले आहेत. टायगेटसच्या पलीकडे मेसिनीला मात्र सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या तटाचे मोठे भाग, बुरूज आणि गोल चौकाची आर्केडियन वेस अजून उभी आहे. तो तट स्पार्टाच्या हेलटांच्या वंशजांनी, स्पार्टन पुन्हा येऊ नयेत म्हणून बांधला होता.